पोपटपंची कसली, ही तर डोकेबाजी!

इंग्लंडमधल्या रोको नावाच्या करड्या आफ्रिकन पोपटाची बातमी २०१८मध्ये जगभर गाजली. मालकीण घराबाहेर पडली, की हा पठ्ठ्या ॲलेक्सा या बोलक्या यंत्राला खरेदीचे हुकूम सोडायचा. कधी कलिंगड, कधी स्ट्रॉबेरी, कधी आइस्क्रीम, एवढंच काय, विजेचे दिवेसुद्धा! खरेदीला कुलूप होतं म्हणून निभावलं.

त्याच जातीच्या ॲलेक्सची गोष्ट याहून मोठी. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी त्याला १९७७मध्ये शिकागोतल्या दुकानातून आणलं आणि २००७मध्ये तो जाईपर्यंत त्याच्यासोबत संशोधन केलं. रंग, आकार, लहान संख्या त्याला कळत. पण त्याची खरी चमक दिसायची ती कंटाळा आल्यावर. वस्तूचा रंग विचारला, की नेमका बरोबर रंग वगळून बाकीचे सगळे सांगायचा. म्हणजे उत्तर पक्कं ठाऊक होतं! एकदा पाहुण्यांसमोर अक्षरांचे उच्चार करून दाखवताना त्याने पुन्हा पुन्हा 'नट' मागितलं. ते मिळेना, तेव्हा त्याने तोच शब्द एकेक ध्वनी सुटा करून ऐकवला. असा शब्द फोडायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

व्हिएन्नाच्या संशोधकांकडच्या पिपिन या गॉफिन काकाकुव्याने तर पाच वेगवेगळी कुलपं दोन तासांच्या आत, कुणाच्याही मदतीशिवाय उघडली.

अशा पक्ष्याला रिकामं डोकं सोसत नाही. दाणे वाटीत ओतण्याऐवजी कागदात गुंडाळून, खोक्यात लपवून दिले, की तो रमतो. आपला हिरवा, लाल चोचीचा देशी पोपट मात्र पाळू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे.