विश्लेषण : जुना रेकॉर्ड प्लेअर ‘मुका’ का होतो? कार्ट्रिज बदलताना काय पाहावे?

पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यात माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर खाली काढला, की अनेकदा एकच अनुभव येतो. थाळी फिरते, पण आवाज येत नाही. आलाच तर घसा बसल्यासारखा. ‘मशीन गेले’ म्हणून तो भंगारात देण्याआधी आर्मच्या टोकाचा एक छोटा भाग तपासायला हवा. तो भाग म्हणजे कार्ट्रिज.

कार्ट्रिज काय करते?

तबकडीच्या खाचेतून जाताना सुई थरथरते. त्या थरथरीचे विजेच्या संकेतात रूपांतर कार्ट्रिज करते. जुन्या पोर्टेबल प्लेअरमध्ये प्रामुख्याने क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे. हाय-फाय टर्नटेबलमध्ये चुंबकीय कार्ट्रिज असते.

किनारपट्टीवर ती का बिघडते?

क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. त्यावर ताण आला की वीज निर्माण होते. मात्र हा क्षार पाण्यात विरघळतो, दमट हवेत ओलावा धरतो आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. त्यामुळे न वापरताही ही कार्ट्रिज मरते. नुसती सुई बदलून उपयोग होत नाही. दुकानात पडून राहिलेला जुना ‘नवाकोरा’ क्रिस्टल मालही मेलेला असू शकतो.

मग कोणती घ्यावी?

क्रिस्टलच्या जागी सिरॅमिक घ्यावी. तिला ओलाव्याचा त्रास कमी. आवाज थोडा कमी होईल, इतकेच. जुन्या पोर्टेबलला चुंबकीय कार्ट्रिज लावू नये. सिरॅमिक काहीशे मिलिव्होल्ट देते, तर नेहमीची चुंबकीय जेमतेम ३ ते ५. तिला वेगळा फोनो प्रीअँप लागतो.

सुई कोणत्या तबकडीसाठी आहे, हेही पाहावे. ७८ आरपीएमच्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते, एलपीला साधारण १८ ते २५. काही कार्ट्रिजना दोन्ही सुया असतात, खटका फिरवून हवी ती निवडायची. ७८ची सुई एलपीवर टेकवली, तर खाच खराब होते.

बसवायची कशी?

१. प्लग काढा. जोडणीचा मोबाइलवर फोटो घ्या.

२. चार वायरी असतील, तर प्रचलित रंग असे : पांढरी डावा पॉझिटिव्ह, निळी डावा निगेटिव्ह, लाल उजवा पॉझिटिव्ह, हिरवी उजवा निगेटिव्ह. कार्ट्रिजच्या पिनांवर थेट डाग देऊ नका, आतले भाग उष्णतेने जातात.

३. हाय-फाय टर्नटेबलवर दोन स्क्रूंमधले अंतर सहसा १२.७ मिलिमीटर असते. स्क्रू आधी सैल ठेवा, प्रोट्रॅक्टरच्या रेषांशी कार्ट्रिज जुळवा, मगच घट्ट करा. प्रोट्रॅक्टर छापताना आकार १०० टक्केच ठेवा.

४. सुईचा भार मोजा. सिरॅमिकला साधारण ४ ते ६ ग्रॅम, अनेक चुंबकीय कार्ट्रिजना १.५ ते २ ग्रॅम. कंपनीने दिलेला आकडाच अंतिम. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पुरतो.

हलका भार सुरक्षित असतो का?

नाही. भार कमी पडला, की सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ओरबाडते. झिजलेली सुईही तेच करते. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १,००० तास चालते, नीलमण्याची त्याहून खूपच कमी.

घाई का नको?

कार्ट्रिज पुन्हा विकत मिळते. कापली गेलेली खाच भरून येत नाही, आणि घरातल्या सगळ्याच तबकड्यांमधली गाणी आज मोबाइलवर सापडतील असे नाही. म्हणून पहिली चाचणी आजोबांच्या आवडत्या तबकडीवर नको. आधीच खराब झालेली एखादी घ्या. ती नीट वाजली, तरच पुढची लावा.