स्वस्त परदेशी यंत्र आणि गावचा सुतार

नगरहून करंजीचा घाट ओलांडून पाथर्डीकडे निघाले की वाटेत तिसगाव लागते. मढी आणि वृद्धेश्वर ही यात्रास्थाने येथून जवळच. मुलूख अवर्षणाचा; हंगाम आला की ऊसतोडीसाठी घरे बंद करून जाणाऱ्या माणसांचा. अशा भागातील सुताराला तिफण, कुळव आणि बैलगाडी यांच्यावर पोट भरणे आता शक्य राहिलेले नाही. दारे, खिडक्या, पलंग, कपाटे आणि दुकानांतील फळ्या हेच त्याचे आजचे पीक होय. हे काम वाकस आणि हातरंधा यांच्या वेगाने परवडत नाही. त्याला विजेवर चालणारी करवत, रंधा मशीन, ड्रिल आणि राऊटर लागतात. ही यंत्रे परदेशात येथल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात, ही वार्ता मोबाइलच्या पडद्यावरून आता त्याच्या कामाच्या जागेपर्यंत पोचली आहे. ही स्वस्ताई कितपत खरी आहे आणि ती कोणाच्या पदरात पडते, याचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा सुतार हा बलुतेदार होता. त्याचे पाते गावचा लोहार घडवी, मूठ तो स्वतः बसवी, आणि दुरुस्तीसाठी वेस ओलांडण्याची गरज त्याला क्वचितच पडे. त्या व्यवस्थेतील अन्याय आणि परावलंबन यांबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ती मोडली हे योग्यच झाले. परंतु अवजार आणि त्याची दुरुस्ती एकाच गावात असण्याची सोयही तिच्याबरोबर गेली, हे नोंदवले पाहिजे. आज अवजार समुद्रापलीकडून येते. त्याचा सुटा भागही तेथूनच यावा लागतो.

बंद आणि खुली दारे

परवाना-पद्धतीच्या काळात परदेशी अवजार सामान्य कारागिराच्या आवाक्यातच नव्हते. १९९१ च्या अर्थसंकल्पाने आयात शुल्काचा कमाल दर खाली आणला, तोही शेकडा १५० वर! पुढे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरले आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंधही उठले. त्यानंतर चिनी यंत्रांचा ओघ सुरू झाला. चीनच्या झेजियांग प्रांतातील योंगकांगसारख्या शहरांत मोटार, गिअर, स्विच आणि प्लास्टिकचे कवच बनवणारे कारखाने एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. तेथल्या किमतीचे रहस्य निव्वळ स्वस्त मजुरीत नाही, तर या शेजारात आणि प्रचंड उत्पादनात आहे.

वैयक्तिक खरेदीची काही दारे मात्र मधल्या काळात पुन्हा लावली गेली. पाच हजार रुपयांपर्यंतची ‘भेटवस्तू’ टपालाने शुल्कमुक्त मागवण्याची सवलत होती. तिचा व्यापारासाठी गैरवापर होऊ लागल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये, राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता, ती वाट बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेस या चिनी विक्रीकेंद्रावर भारतात बंदी आली. तेव्हा आता उरतात ते तीन मार्ग : कुरियरने रीतसर शुल्क भरून मागवणे, आखातातून अगर अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून आणवणे, किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या घाऊक बाजारातून आयात केलेला माल घेणे.

किमतीचे गणित

पडद्यावर दिसणारी किंमत आणि घरपोच किंमत यांत किती अंतर असते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका यंत्राची परदेशातील किंमत १०,००० रुपये आणि वाहतूक व विमा १,५०० रुपये आहे. शुल्क नुसत्या किमतीवर नव्हे, तर या ११,५०० वर लागते. मूळ शुल्क शेकडा १० धरले तर १,१५० रुपये होतात. त्या साऱ्या बेरजेवर शेकडा १८ दराने एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे २,२७७ रुपये. एकूण १४,९२७. त्यात कुरियर कंपनीचा हाताळणी खर्च मिळवला की दहा हजारांचे यंत्र पंधरा हजारांच्या पुढे जाते. ते सदोष निघाले तर परत पाठवण्याचा खर्च निराळाच.

या गणितात एक विषमता दडलेली आहे. नोंदणीकृत कारखानदार भरलेला हा कर आपल्या विक्रीकरातून वजा करून घेतो. तिसगावच्या सुताराची वार्षिक उलाढाल सेवांसाठी ठरलेल्या वीस लाखांच्या मर्यादेच्या पुष्कळच खाली असणार. त्यामुळे तो नोंदणीकृत नसतो आणि वजावटही मिळवू शकत नाही. म्हणजे ज्याचे भांडवल मोठे त्याला यंत्र करमुक्त पडते, आणि ज्याचे भांडवल त्याच्या दोन हातांत आहे त्याला तेच यंत्र करासह घ्यावे लागते. छोट्यांना नोंदणीच्या कटकटीतून सोडवण्यासाठी दिलेली सवलत अवजार खरेदीच्या वेळी अशी उलटते.

विजेचा आणि बोटांचा प्रश्न

पैशाचे गणित जमले तरी विजेचे जमेलच असे नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, जपानमध्ये १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. अमेरिकेतून हौसेने आणलेले ड्रिल येथल्या खटक्याला थेट लावले की क्षणात जळते. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर कार्बन असलेली मोटार चालते; परंतु मोठ्या टेबल-करवतीची कार्बनविरहित इंडक्शन मोटार ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने मंद फिरते. आखातातील यंत्रांना ही अडचण बहुधा येत नाही. कारण दुबईची वीज आपल्यासारखीच आहे, फक्त पिन बदलावी लागते. कार्बन, आर्मेचर आणि बेअरिंग यांचे माप येथल्या बाजारात मिळते की नाही, हे मात्र खरेदीपूर्वीच पाहिले पाहिजे. चाळीस रुपयांचा कार्बन मिळत नाही म्हणून पंधरा हजारांचे यंत्र माळ्यावर पडून राहिले, तर त्याला स्वस्त म्हणणे कठीण आहे.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची. फरशी कापण्याच्या छोट्या मशीनला लाकडाचे दातेरी पाते लावून फळ्या चिरण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आढळते. कारण लाकडासाठीच्या खऱ्या चक्राकार करवतीपेक्षा ते मशीन स्वस्त असते. त्याचे पाते मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. लाकडी करवतीचे पाते मोठे असते, पण त्याची गती याच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि फळीतून बाहेर येताच त्यावर आपोआप मिटणारे झाकण असते. फरशीच्या मशीनला तसे झाकण नसते. पाते अडकून यंत्र उसळले की जाणारी वस्तू म्हणजे बोट. या व्यवसायात बोट हे भांडवल आहे, आणि त्याचे शुल्क कोणत्याही बिलात लिहिलेले नसते. दुहेरी विद्युत-आवरणाची खूण, म्हणजे चौकोनात चौकोन, यंत्रावर आहे का, हे किती ग्राहक पाहतात? बनावट मालावर तीही छापलेली असू शकते.

बंदी हा उपाय नव्हे

यावर ‘परदेशी माल बंद करा’ ही घोषणा सोपी आहे. परंतु तिची किंमत शेवटी कारागीरच मोजतो, हे १९९१ पूर्वीच्या अनुभवाने शिकवले आहे. नीती आयोगाच्या एप्रिल २०२५ च्या अहवालानुसार विजेच्या अवजारांच्या जागतिक निर्यातीत चीनचा वाटा शेकडा ४० च्या आसपास, तर भारताचा अवघा ०.७ आहे. चीनच्या तुलनेत भारतीय उत्पादकाला शेकडा १४ ते १७ इतका जादा खर्च येतो, असेही तो अहवाल सांगतो आणि पोलादासारख्या कच्च्या मालावरील शुल्क व निर्बंध यांच्या फेरविचाराची शिफारस करतो. म्हणजे दोष केवळ परकीयांच्या स्वस्ताईत नाही, आपल्या महागाईतही आहे.

शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये आणि शेकडा ५ व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. योजना स्वागतार्ह आहे. पण वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे पंधरा हजारांत एक चांगले यंत्र जेमतेम येते, आणि त्यातला काही भाग कराच्या रूपाने सरकारकडेच परत जातो. एका हाताने द्यावे आणि दुसऱ्या हाताने घ्यावे, असा हा प्रकार आहे. योजनेत नोंद झालेल्या कारागिराने अवजारावर भरलेला कर त्याला परत देणे अवघड नाही. त्याची ओळख आणि बँक खाते शासनाजवळ आहेच.

दुसरा उपाय नगर जिल्ह्याच्या परंपरेतलाच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा एकट्या शेतकऱ्याला जे अशक्य होते ते अनेकांनी मिळून शक्य केले. कृषी अवजार बँका आज ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्रे भाड्याने देतात. तशी सुतारांची अवजार बँक तिसगावसारख्या मोठ्या गावात का असू नये? जाड फळ्या रंधणारे मोठे यंत्र एका सुताराला वर्षातून मोजके दिवस लागते. दहा जणांना मिळून ते रोज लागेल. वीस जणांची मागणी एकत्र केली तर घाऊक भाव मिळतो, आयातदाराकडून हमी लिहून घेता येते आणि सुट्या भागांचा साठा ठेवता येतो. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री विद्यार्थ्यांना आर्मेचर गुंडाळण्याचे काम तेथेच शिकता येईल.

स्वस्त वस्तू कोणती, याचे उत्तर विक्रेत्याच्या पाटीवर नसते. यंत्र किती दिवस चालले, बिघडल्यावर किती दिवस बंद राहिले आणि चालवणाऱ्याचे हात शाबूत राहिले की नाही, यावर ते ठरते. या हिशेबात परदेशी यंत्र उतरले तर सुताराने ते खुशाल घ्यावे. स्वदेशी उतरले तर ते घ्यावे. मात्र हा हिशेब त्याला एकट्याला, अर्धवट माहितीवर आणि बड्या कारखानदारापेक्षा जड कर भरून करावा लागू नये, एवढी काळजी घेणे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.