रेशमी गोधडीचे मोल

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. परतवाडा-अचलपूरकडे गोधडी म्हटली की जुन्या सुती लुगड्या-धोतरांचे थर आणि त्यांवर धावदोऱ्याच्या ओळी, हेच चित्र डोळ्यांपुढे येते. ज्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगे महाराजांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत, ते याच टापूतले. येथे ठिगळाला मान होता. किंमत मात्र नव्हती.

रेशमी गोधडी त्याहून विरळा. फाटका मुकटा, विरलेला शालू, चोळीचे उरलेले खण जोडून ती एखाद्या सुस्थितीतल्या घरी शिवली जाई. ती दुर्मीळ होण्याचे कारण सरळ आर्थिक होते. जरीचे वस्त्र जुने झाले की काठ-पदर जाळून चांदी काढीत. उरलेले कापड बोहारणीकडे जाई आणि बदल्यात भांडे येई. म्हणजे आज जी गोधडी पेटीत सापडते, ती कोणा गृहिणीने हा व्यवहार नाकारला म्हणून उरली आहे. संग्राहक जुन्या कापडाच्या शोधात दारी येतो, तेव्हा तो या नकाराचीच किंमत देऊ करीत असतो. पण ती नाकारणारी कोण, हे त्याला ठाऊक नसते. पुष्कळदा घरच्यांनाही नसते.

नाव न उरण्याचा तोटा केवळ भावनिक नव्हे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या व पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. 2006 मध्ये त्यांवर टपाल तिकिटे निघाली. 2007 मध्ये, आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून काही शिवणाऱ्या न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी ते दावे मिटले. दावा मांडता आला, कारण कोणती गोधडी कोणाची हे सांगता येत होते. बंगालच्या मानदासुंदरीने तर आपले नाव कांथ्यावर टाक्यांनीच लिहून ठेवले. वऱ्हाडी गोधडीवर असे नाव क्वचितच आढळावे.

ज्यांच्या घरी अशी गोधडी असेल, त्यांनी विकण्यापूर्वी वा न विकताही, शिवणारीचे नाव, गाव, अंदाजे साल आणि शालू कोणाच्या लग्नातला, एवढे पांढऱ्या सुती पट्टीवर लिहून मागच्या अस्तराला टाचावे. घडी मधूनमधून बदलावी, कारण जुने रेशीम घडीवरच तुटते. वारा द्यावा, ऊन नव्हे. आणि धुण्याच्या फंदात पडू नये, रंग पाण्यात उतरण्याचा संभव असतो.