कॅमेरा नवा, पण टिकणार कोण?

माहीत आहे का? लातूर जिल्हा आणि निकॉनचा एफएम-२ कॅमेरा एकाच वर्षी जन्मले. साल १९८२! या पठ्ठ्याचं शटर पूर्ण मेकॅनिकल. सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला. सेल संपला तरी सेकंदाच्या चार हजाराव्या भागात खटॅक! रेणापुरात कुणाच्या कपाटात एखादा धडधाकट पडून असेल, तर रोल भरा आणि सुटा.

आता उलटी गंमत. डिजिटल कॅमेरा पहिल्यांदा बनवला तो रोल विकणाऱ्या कोडॅकनेच! १९७५ साली इंजिनिअर स्टीव्ह सॅसन यांनी. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो ०.०१ मेगापिक्सलचा, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे २०१२ मध्ये कोडॅकवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. घरच्याच बाळाने घर हलवलं!

१९९७ चा सोनी माव्हिका फोटो कुठे साठवायचा, माहीत आहे का? फ्लॉपीवर! आज फ्लॉपी शोधून दाखवा. स्मार्टमीडिया आणि नंतर आलेली एक्सडी कार्डंही बाजारातून गेली. डिजिटलची खरी दुखरी नस इथेच आहे. कॅमेरा ठणठणीत असतो, पण बॅटरी, चार्जर, कार्ड अशी सोबतची मंडळी एकेक करून साथ सोडतात.

पण डिजिटलची ताकदही बघा की! निकॉन डी८५० चं शटर कंपनीने २ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं. छत्तीसच्या रोलमध्ये मोजा: साडेपाच हजारांहून जास्त रोल झाले! लग्नसराईत स्टुडिओवाल्याला दुसरं काय हवं? इथे माझं मत सरळ डिजिटलला.

टिकाऊपणाचा विक्रम मात्र फिल्मकडे. १८९७ मध्ये स्वीडनचे आंद्रे फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बर्फात हरवले. त्यांच्या मुक्कामाची जागा सापडली थेट १९३० मध्ये. ३३ वर्षं गोठलेल्या फिल्म धुतल्या, तर ९३ फोटो उमटले!

बर्फ लांब राहिला, आपल्याकडचं सांगतो. रेणापूर निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. ते १९०५ मध्ये गेले. त्यांची अडीच हजारांहून जास्त काचेची निगेटिव्ह आजही दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. पासवर्ड नको, केबल नको, उजेडासमोर धरा की दिसलं!

‘रोल धुवायला पाणी किती लागतं हो?’ एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी मागवलेल्या लातूरकरांनी हे विचारणारच. उत्तर ऐका: केमिकलनंतरच्या शेवटच्या धुण्याला इलफर्ड कंपनीच्या पद्धतीत रोलची छोटी टाकी तीनदाच भरायची, आधी ५ वेळा, मग १०, मग २० वेळा उलटीपालटी करायची. एका रोलच्या या धुण्याचं सुमारे लिटरभरात काम फत्ते!

आणि आता जरा थांबा, कारण पुढची गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या काळजाची आहे. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. तेव्हा डिजिटल कॅमेरा होता का? होता! १९९१ चा कोडॅक डीसीएस, फोटो साठवायचा वेगळा डबा खांद्याला लटकवायचा. पण गावोगावच्या स्टुडिओत रोलच चालायचा. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. त्यांच्या जुन्या गल्ल्या, दगडमातीच्या भिंती, माळवदं, दारापुढचे मांडव यांचे फोटो असतील ते रोलवरचेच. त्या घरांचा पुन्हा फोटो काढता येणार नाही. म्हणून ती निगेटिव्ह कुठल्याही नव्या कॅमेऱ्यापेक्षा मौल्यवान आहेत, असं मी छातीठोकपणे सांगतो.

निगेटिव्हच्या पाकिटाला आंबट, व्हिनेगरसारखा वास येतोय? सावधान! फिल्मचा अ‍ॅसिटेट कुजू लागलाय. पत्र्याखालच्या माळ्यावर, मराठवाडी उन्हाळ्यात, हे आणखी भराभर होतं. पाकीट खाली आणा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

रोलचा रोल संपला म्हणता? २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवाकोरा फिल्म कॅमेरा आणला, पेंटॅक्स १७. अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे छत्तीसच्या रोलमध्ये ७२ फोटो!

तेव्हा रोजच्या कामाला डिजिटल, जपणुकीला फिल्म. रेणापूर, औसा, निलंगा, उमरगा, जिथे कुठे जुना स्टुडिओ आवरायला काढला असेल, तिथे निगेटिव्हचे डबे भंगारात घालू नका. आधी स्कॅन करा, फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, पाकिटावर गावाचं नाव आणि साल लिहा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ पट्टी फेकून देऊ नका.