विश्लेषण : तारे पाहायला गावाबाहेर नेमके कुठे जावे?

मोठ्या शहरांतून आकाशगंगा कधीच दिसेनाशी झाली. आता तालुक्याच्या गावांतही हायमास्ट दिवे, पेट्रोल पंप आणि मंगल कार्यालयांच्या झगमगाटात मोजकेच तारे उरले आहेत. तरीही लहान गावाची एक सोय आहे. तेथून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर चांगला अंधार मिळू शकतो. तो कसा शोधायचा, याविषयी…

तारे किती वेगाने हरवत आहेत?

नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नोंदवलेल्या ५० हजारांहून अधिक निरीक्षणांचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतांश नोंदी युरोप आणि अमेरिकेतील होत्या. त्यानुसार रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. म्हणजे साधारण आठ वर्षांत दुप्पट. मुलाच्या जन्मावेळी जेथे २५० तारे दिसत होते, तेथे ते १८ वर्षांचे होईपर्यंत सुमारे शंभरच दिसतील.

गावापासून किती दूर जावे?

दिव्यांचा उजेड हवेतील धूळ आणि बाष्पावर पसरतो आणि गावावर उजेडाचा घुमट तयार होतो. खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील शहरांवरून याचे गणित मांडले. त्यानुसार अंतर दुप्पट केले की झळाळी निम्मी नव्हे, तर पाच-सहा पटींनी कमी होते. ५० हजार वस्तीच्या गावापासून ३० किलोमीटरवर गावाच्या दिशेचे आकाश जेमतेम दहा टक्के जास्त उजळ राहते. दिवे आणि हवा यांनुसार हा आकडा बदलतो, पण अंदाज घ्यायला तो पुरेसा आहे. दहा किलोमीटर आणखी पुढे गेल्याचा फायदा महागड्या दुर्बिणीपेक्षा जास्त असतो.

दिशा का महत्त्वाची?

महाराष्ट्रातून आकाशगंगेचा सर्वात तेजस्वी भाग धनू आणि वृश्चिक राशींकडे, म्हणजे दक्षिणेला दिसतो. त्यामुळे गावाच्या दक्षिणेकडील जागा निवडावी. गावाची झळाळी पाठीमागे उत्तरेला राहते आणि समोर अंधार मिळतो. दक्षिणेलाच दुसरे मोठे शहर किंवा औद्योगिक वसाहत असेल, तर मात्र दुसरी बाजू पाहावी.

मोबाइलवर प्रकाश प्रदूषणाचे नकाशे उपलब्ध आहेत. त्यावर गडद पट्टे शोधून दोन-तीन जागा ठरवाव्यात. पण हे नकाशे उपग्रहांच्या नोंदींवर बेतलेले असतात. महिन्यापूर्वी सुरू झालेला ढाबा, खडी क्रशर किंवा पॉलिहाऊसचे दिवे त्यात दिसतीलच असे नाही. त्यामुळे जागा एकदा दिवसा आणि एकदा रात्री पाहून यावी. उंच डोंगरच हवा असे नाही. मोकळे पठार किंवा माळरान चालते. मधे एखादी टेकडी असेल तर गावाचे दिवे थेट डोळ्यांवर येत नाहीत. वीटभट्टीचा धूर आणि उसाचे पाचट जाळण्याचा हंगाम टाळावा.

कोणत्या रात्री जावे?

यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. संकष्टी चतुर्थीच्या चंद्रोदयाची वेळ त्यात छापलेली असते. त्यानंतर चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून कृष्ण अष्टमीपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळ ते मध्यरात्र आकाशात चंद्र नसतो. अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवसही चालतात, कारण कोर लवकर मावळते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून आकाश स्वच्छ होऊ लागते. हिवाळ्यात मृग, रोहिणी, कृत्तिका ठळक दिसतात. आकाशगंगेचा मध्य पाहायचा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे किंवा मे महिन्यात मध्यरात्रीनंतर जावे.

जागा चांगली आहे, हे कसे ओळखावे?

आधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. त्याला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या स्क्रीनकडे एकदा पाहिले तरी ती मोडते. टॉर्चवर लाल पातळ कागद लावावा. मग हिवाळ्यात दोन गोष्टी तपासाव्यात. कृत्तिकांच्या पुंजक्यात सहा तारे वेगळे मोजता येतात का? सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर जागा चांगली. अधिक काटेकोर नोंदीसाठी जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरली जाते. पहिली पायरी म्हणजे सर्वात काळोखे आकाश.

कोणती काळजी घ्यावी?

एकट्याने जाऊ नये. जागा खासगी असेल तर शेतमालकाला विचारावे. रात्री अनोळखी गाडी उभी दिसली की चोर समजून गाव गोळा होऊ शकते, म्हणून पोलीस पाटलांना आधी कल्पना द्यावी. वनक्षेत्रात परवानगीशिवाय जाऊ नये. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा, तर गवताळ जागी सापाचा धोका असतो. कठडा नसलेल्या विहिरी दिवसाच पाहून ठेवाव्यात.

अंधार परत आणता येतो का?

येतो. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा दिला. तो मिळवणारे पेंच देशातील पहिले आणि आशियातील पाचवे ठिकाण ठरले. त्यासाठी गाव अंधारात ठेवावे लागले नाही. परिसरातील गावांतले दिवे बदलून उजेड फक्त जमिनीकडे पडेल असे बसवण्यात आले. असा बदल कोणत्याही ग्रामपंचायतीला करता येईल. दिव्याला वरून झाकण, पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेड आणि गरज नसेल तेव्हा बंद ठेवण्याची सोय, एवढे पुरते. त्यातून वीजही वाचते. धूर आणि धूळ हवेतून जायला दिवस लागतात, प्रकाशाचे प्रदूषण मात्र बटण बंद करताच संपते.