सेंट किल्डाचे कडे आणि पाखरांची शिरगणती

पक्षी पाहणे हा रिकाम्या वेळचा विरंगुळा आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. विरंगुळा तो आहेच, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु जगात काही ठिकाणे अशी आहेत की, तेथे पाखरे पाहण्याचे काम एखाद्या पेढीच्या खतावणीइतके काटेकोरपणे चालते. त्या खतावणीत चूक झाली किंवा एखादे पान कोरे राहिले, तर त्याची भरपाई पुढे कोणालाही करता येत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात असलेली सेंट किल्डा ही बेटे अशांपैकीच होत. तेथील पक्षी कसे पाहतात, कसे मोजतात आणि हा खटाटोप मुळात कशासाठी, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर समुद्रात हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. तिच्याही पलीकडे सुमारे ४० मैल गेले म्हणजे सेंट किल्डा लागते. हिर्टा, डून, सोआय आणि बोररे ही येथील चार मुख्य बेटे. त्यांच्या भोवती पाण्यातून सरळ वर आलेले काळे सुळके उभे आहेत. त्यांतील स्टॅक अन आर्मिन हा सुळका सुमारे ६४० फूट उंच असून समुद्रातून उठलेला इतका उंच सुळका साऱ्या ब्रिटनमध्ये दुसरा नाही. हिर्टा बेटावरील कोनाकेर या डोंगराचा कडा तर जवळजवळ १४०० फूट खाली समुद्रात उतरतो. झाड म्हणून येथे नाही. आहे ते गवत, खडक आणि वारा. उन्हाळ्यात हॅरिस किंवा स्काय बेटावरून लहान लाँच निघतात. पण समुद्र खवळलेला असेल तर बेटाच्या दारापर्यंत जाऊनही उतरता येत नाही.

अशा उजाड जागी पाखरे का येतात? उत्तर सोपे आहे. सागरपक्ष्याचे अन्न समुद्रात असते. जमीन त्याला हवी असते ती केवळ अंडे घालण्यापुरती. ती जमीन उंदीर, कोल्हे आणि माणसे यांच्या आवाक्याबाहेर असावी आणि मासळीच्या जवळ असावी, एवढीच त्याची अट. सेंट किल्डाचे कडे ही अट पुरी करतात. म्हणून मे ते जुलै या महिन्यांत येथे लाखो पाखरांचा बाजार भरतो.

हा कडा खालून दुर्बिणीने पाहू लागले म्हणजे प्रथम नुसता कोलाहल जाणवतो. थोड्या वेळाने त्यातील व्यवस्था दिसू लागते. एखाद्या मोठ्या चाळीत मजल्यामजल्यावर निरनिराळी बिऱ्हाडे असावीत, तसा हा प्रकार आहे. अरुंद कपारींवर काळी-पांढरी गिलेमॉट पाखरे खांद्याला खांदा लावून उभी असतात; ती घरटे बांधीतच नाहीत, अंडे थेट खडकावर घालतात. ते अंडे एका टोकाला निमुळते असते. किट्टीवेक नावाचे नाजूक कुरव चिखल आणि गवत थापून कड्याला चिकटवलेल्या वाटीत बसतात. गवताळ टप्प्यांवर राखी पंखांचे फुलमार असतात. त्यांच्याजवळ गेले तर ते दुर्गंधी तेलाची पिचकारी तोंडावर मारतात. माथ्यावरील मऊ मातीत रंगीत चोचीचे पफिन बिळे करून राहतात. लाखाहून अधिक बिळे या बेटांवर मोजली गेली आहेत. आणि बोररे व तिच्या शेजारचे सुळके दुरून बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसतात, ते तेथील गॅनेट पक्ष्यांमुळे. २०१३ सालच्या मोजणीत या ठिकाणी गॅनेटच्या सुमारे ६०,००० जोड्या होत्या.

गॅनेटची शिकार पाहण्यासारखी असते. पंख पसरले म्हणजे हा पक्षी सहा फूट रुंद होतो. मासळी दिसताच तो शंभर फुटांपर्यंतच्या उंचीवरून पंख मागे ओढून भाल्यासारखा पाण्यात शिरतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी ६० मैलांच्या घरात जातो. एवढ्या आघाताने मान कशी मोडत नाही? त्याच्या नाकपुड्या बाहेर उघडत नाहीत आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या लहान लहान पिशव्या असतात, त्या गादीसारख्या उपयोगी पडतात.

दिवसाची पाखरे ही अशी. परंतु सेंट किल्डाचे खरे नवल रात्री उघडते. लीच पेट्रेल नावाचा, वजनाने जेमतेम चार तोळ्यांचा काळसर पक्षी दिवसभर खोल समुद्रावर असतो किंवा बिळात लपलेला असतो. कुरव आणि स्कुआ हे त्याचे वैरी. म्हणून काळोख दाटला म्हणजेच तो घरी येतो. चांदण्या रात्री तर येण्याचेही टाळतो. मध्यरात्री या उतारावर बसलेल्या निरीक्षकाला काही दिसत नाही. डोक्याभोवती पंखांची फडफड होते आणि पायांखालच्या जमिनीतून हसण्यासारखे, कुरकुरण्यासारखे आवाज येतात. ब्रिटनमधील बहुतेक सर्व लीच पेट्रेल या एका द्वीपसमूहावर अंडी घालतात.

आता या पाखरांवर जगलेल्या माणसांची गोष्ट. हिर्टा बेटावर शेकडो वर्षे एक छोटे गाव नांदत होते. १६९७ साली मार्टिन मार्टिन नावाचा प्रवासी तेथे गेला, तेव्हा सुमारे १८० माणसे तेथे राहत होती, असे त्याने नोंदविले आहे. मासेमारीला समुद्र प्रतिकूल, शेतीला वारा प्रतिकूल. तेव्हा पाखरे हेच त्यांचे पीक. पुरुष दोर कमरेला बांधून कडे उतरत. पकडलेले पक्षी क्लेट नावाच्या दगडी कोठारांत वाऱ्यावर सुकवून हिवाळ्यासाठी ठेवीत. अशी हजाराहून अधिक कोठारे आजही तेथे उभी आहेत. फुलमारचे तेल दिव्यात जळे, आणि पिसे व तेल देऊन जमीनदाराचा खंड भागविला जाई. पुढे लोक कमी झाले, बाहेरच्या मालावाचून चालेनासे झाले. अखेर २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडून गेली. १९५७ पासून ही बेटे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आहेत.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. शतकानुशतके माणसे दरवर्षी हजारो फुलमार आणि गॅनेट मारून खात होती, तरी ती पाखरे संपली नाहीत. मग आज त्यांच्या शिरगणतीची एवढी चिंता कशाला?

याचे उत्तर या पाखरांच्या आयुष्यक्रमात आहे. आपल्या अंगणातील चिमणी थोडी वर्षे जगते आणि पुष्कळ पिले काढते. सागरपक्ष्याचे गणित उलटे आहे. फुलमार, गॅनेट, पफिन, पेट्रेल ही सारी वर्षाला एकच अंडे घालतात. फुलमार तर पहिले अंडे घालायलाच सुमारे नऊ वर्षे लावतो. मात्र त्यानंतर तो दीर्घकाळ जगतो. याचा एक प्रसिद्ध पुरावा ऑर्कनी बेटांतला आहे. तेथील आइनहॅलो या निर्मनुष्य बेटावर ॲबर्डीन विद्यापीठाचे जॉर्ज डनेट यांनी १९५० साली फुलमारांचा अभ्यास आरंभिला. पायातील वाळ्यावरून ओळखू येणारा एक फुलमार हातात धरलेले त्यांचे १९५१ सालचे छायाचित्र आहे. १९८६ साली त्यांनी तोच पक्षी पुन्हा हातात धरून छायाचित्र काढविले. पहिल्या चित्रात तरुण असलेले डनेट दुसऱ्या चित्रात वृद्ध झालेले दिसतात. फुलमारात मात्र काही फरक दिसत नाही!

ही गोष्ट ऐकून मौज वाटते. पण तिच्यातच धोका दडलेला आहे. आपण पेढीवरील मुद्दल आणि व्याज यांचा दृष्टांत घेऊ. वयात आलेले पक्षी हे मुद्दल, पिले हे व्याज. समजा, शंभर फुलमारांतील तीन दर वर्षी मरतात. मग एकेक पक्षी सरासरीने तेहेतीस वर्षे अंडी घालील. हेच तिनाचे सहा झाले तर ती वर्षे निम्मी होतात. तिनाचे सहा होणे कड्याकडे पाहून कोणाला कळणार आहे? त्याचप्रमाणे दहा वर्षे एकही पिलू जगले नाही, तरी जुनी पाखरे परत येतच राहतात आणि कडा भरलेलाच दिसतो. डोळ्याला समृद्धी दिसते, आणि आत दिवाळे निघालेले असते. हे उघड करणारी एकच गोष्ट, ती म्हणजे वर्षानुवर्षांची नोंद.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचेही उदाहरण सेंट किल्डावरच आहे. ग्रेट ऑक हा उडता न येणारा मोठा पक्षी पूर्वी उत्तर अटलांटिकमध्ये विपुल होता. तोही एकच अंडे घालणारा. पिसांसाठी, मांसासाठी, तेलासाठी त्याचे मुद्दलच खाल्ले गेले. सुमारे १८४० साली स्टॅक अन आर्मिनवर एक ग्रेट ऑक काही माणसांच्या हाती लागला. त्याच सुमारास वादळ झाले. ते या चेटकिणीनेच आणले असे समजून त्यांनी त्याला मारले, अशी हकीकत आहे. ब्रिटनमधील हा शेवटचा ग्रेट ऑक समजतात. १८४४ साली आइसलंडजवळ शेवटची जोडी मारली गेली आणि ती जात जगातून नाहीशी झाली. सुळक्यावरच्या त्या माणसांना आपण शेवटचा पक्षी मारीत आहोत हे ठाऊक नव्हते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कारण किती उरले आहेत हे तेव्हा कोणीच मोजले नव्हते.

मग मोजतात कसे? प्रत्येक जातीला वेगळी रीत लागते. गिलेमॉट घरटे बांधीत नाही, म्हणून जून महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत, ठराविक वेळी, कड्याचे ठराविक तुकडे घेऊन एकेक पक्षी मोजतात. गॅनेटच्या सुळक्यांची विमानातून छायाचित्रे घेतात आणि प्रत्येक पांढरा ठिपका मोजतात. हल्ली ड्रोनचाही उपयोग होतो. पफिनची बिळे जमिनीच्या नेमून दिलेल्या चौकोनांत मोजून साऱ्या उताराचा अंदाज बांधतात. लीच पेट्रेलची युक्ती सर्वांत गमतीची: बिळाच्या तोंडाशी त्याच्याच आवाजाची ध्वनिफीत वाजवितात, आत पक्षी असला तर तो उत्तर देतो. पण असलेले सर्वच पक्षी उत्तर देत नाहीत. तेव्हा काही बिळांवर पुन्हा पुन्हा जाऊन, किती जण गप्प बसतात याचे प्रमाण काढावे लागते. पाऊस, वारा आणि फुलमारची पिचकारी सोशीत हे काम चालते, आणि पुढल्या वर्षी त्याच जागी त्याच रीतीने पुन्हा करावे लागते.

साऱ्या ब्रिटनमधील सागरपक्ष्यांच्या अशा चार मोठ्या गणती झाल्या आहेत : १९६९-७०, १९८५-८८, १९९८-२००२ आणि २०१५-२०२१. त्यांनी जे दाखविले ते साध्या डोळ्यांना दिसणारे नव्हते. १८७८ पूर्वी ब्रिटनमध्ये सेंट किल्डाखेरीज कोठेही अंडी न घालणारा फुलमार विसाव्या शतकात साऱ्या किनाऱ्यावर पसरला, आणि आता पुन्हा ओसरू लागला आहे. किट्टीवेक आणि लीच पेट्रेल यांची घट तर फारच मोठी आहे. समुद्र तापत असल्यामुळे आणि मासेमारीमुळे सँडईल नावाच्या चंदेरी मासळीचा तुटवडा पडतो, तेव्हा पिले उपाशी मरतात, हे याच वह्यांमधून उमगले. स्कॉटलंडने २०२४ साली आपल्या समुद्रातील सँडईलची मासेमारी बंद केली, त्यामागे या नोंदींचे बळ होते.

२०२१ आणि २०२२ साली पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाने या वसाहतींत कहर केला. २०२३ च्या मोजणीत ब्रिटनमधील ग्रेट स्कुआ सुमारे तीन-चतुर्थांशाने आणि गॅनेट सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाल्याचे आढळले. किती गेले हे सांगता आले, कारण आधी किती होते हे लिहून ठेवलेले होते. त्याच काळात बास रॉक या बेटावरील निरीक्षकांना काही गॅनेटचे फिकट निळे डोळे काळे झालेले दिसले. रक्त तपासले तेव्हा काळ्या डोळ्यांच्या बहुतेक पक्ष्यांना तो रोग होऊन गेला असून ते त्यातून वाचले आहेत, असे ठरले. नेहमीचा डोळा कसा असतो हे ज्याला पाठ आहे, त्यालाच बदललेला डोळा दिसतो.

मोजल्याने सर्व कोडी सुटतात, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ग्रेट स्कुआ हा सेंट किल्डावर दरवर्षी हजारो लीच पेट्रेल मारून खातो. पेट्रेल घटत आहे आणि रोगाने स्कुआही घटला आहे. दोघांतील कोणाची बाजू घ्यावी? खतावणी शिल्लक किती ते सांगते. खर्च कोणता करावा हे माणसालाच ठरवावे लागते. पण खतावणीवाचून घेतलेला निर्णय हा निर्णय नव्हे, तो जुगार होय.

बेटावरची माणसे १९३० मध्ये गेल्यावर त्यांच्या घरांतून राहणारे, फक्त तेथेच आढळणारे घरउंदीर थोड्याच वर्षांत नष्ट झाले. तेथील विशिष्ट जातीचा चिमुकला रेन पक्षी मात्र आजही दगडी भिंतींतून गातो. त्याच्या रक्षणासाठी १९०४ साली स्वतंत्र कायदा झाला होता. एक जात कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वी गेली, दुसरीकडे वेळीच लक्ष गेले. पूर्वी सेंट किल्डाचा माणूस पोटासाठी पाखरांवर नजर ठेवीत असे. आज तेथे जाणारा निरीक्षक पाखरांच्या पोटासाठी ती ठेवतो. या दुसऱ्या नजरेला दोर लागत नाही. वही, पेन्सिल आणि पुढल्या वर्षी परत येण्याची चिकाटी मात्र लागते.