वाईचा कोश आणि चावडीवरचा कोश

मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईच्या गंगापुरीत आहे. मंत्रालय मुंबईत, मोठी विद्यापीठं मुंबई-पुण्यात, आणि राज्याचा ज्ञानकोश मात्र कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी, याचं नवख्याला नवल वाटतं. त्याचं उत्तर एका माणसापाशी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले, वाईतच राहिले आणि धर्मकोशाचं संपादनही त्यांनी तिथूनच केलं. १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकारानं साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि पुढे मंडळानं विश्वकोश हाती घेतला. शास्त्रीबुवा मुंबईला गेले नाहीत, कोश वाईला आला.

पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसाव्या खंडाचा उत्तरार्ध २०१५ साली. मधल्या काळात तर्कतीर्थ गेले, त्यांच्यामागून प्रमुख संपादकपदी आलेले मे. पुं. रेगेही गेले. मग रा. ग. जाधव, श्रीकांत जिचकार, विजया वाड असे प्रमुख संपादक एकामागून एक झाले. अठरा हजारांवर नोंदी आणि एकोणचाळीस वर्षं! सरकारी संथपणाची थट्टा करायला हे आकडे सोयीचे आहेत आणि थोडी थट्टा करायलाही हरकत नाही. पण त्याआधी एखादा खंड उघडून मांडीवर घ्यावा.

एखाद्या झाडावरची नोंद काढा. सुरुवातीला कंसात त्या झाडाची हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत नावं, मग इंग्रजी, मग लॅटिन नाव आणि कुल. त्यानंतर पानं, फुलं, फळं, लागवड, रोग आणि उपयोग. मजकुरात मधूनमधून बाण दिसतात. बाण असलेल्या शब्दावर कोशात वेगळी नोंद आहे, असा त्याचा अर्थ. शेवटी संदर्भग्रंथ आणि अगदी खाली, उजवीकडे, लेखकाचं नाव. आडनाव आधी, आद्याक्षरं नंतर. एका नोंदीला दोन-तीन हात लागले असतील, तर दोन-तीन नावं. नोंद चुकली तर बोट कुणाकडे दाखवायचं हे तिथे छापलेलं असतं. कोशाच्या साऱ्या पतीला हे नाव जामीन असतं.

या नावामागे मोठी यंत्रणा होती. आधी विषयवार नोंदींच्या याद्या, मग बाहेरच्या जाणकारांकडून लेखन, मग कार्यालयातल्या संपादकांचा हात. परिभाषा ठरवणं हेच केवढं काम होतं! मुख्य खंडांच्या आधी, १९७३ साली, परिभाषासंग्रह काढावा लागला. रसायनशास्त्राचा प्राध्यापक आपला विषय जाणत असतो, पण तो मराठीत नीट मांडेलच असं नाही. आणि जो नीट मांडतो त्याला रसायनशास्त्र येईलच असं नाही. या दोघांच्या मध्ये बसणारा माणूस म्हणजे विश्वकोशाचा संपादक.

पण तज्ज्ञांची नावं आधी आणि कोश मागून, असं मराठीत नेहमीच घडलं नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आले, त्यांनी नागपुरात ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले आणि १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढून दाखवले. त्यांच्या मंडळात य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्यासारखी तरुण माणसं होती. हीच माणसं पुढे महाराष्ट्र शब्दकोशाची कर्ती म्हणून ओळखली गेली. कोशानं त्यांना तज्ज्ञ केलं. विकिपीडियावर लिहिणाऱ्या हौशी मंडळींकडे नाक मुरडताना हे आठवलेलं बरं.

विकिपीडियाची जन्मकथाही तज्ज्ञांच्या घरातलीच आहे. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा कोश सुरू केला. त्यात लेखक विद्वान हवा आणि लेखाला तपासणीच्या सात पायऱ्या. पहिल्या वर्षी मोजकेच लेख पार पडले. तेव्हा कच्चा माल मिळावा म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी कुणीही लिहावं असं एक बाजूचं दार उघडलं. दोन-तीन वर्षांत मुख्य दार बंद पडलं आणि सारं जग बाजूच्या दारानं आत आलं.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. त्याच्या मागच्या खोलीत डोकावलं तर तिथली मराठी मोठी झकास आहे. चर्चेच्या जागेचं नाव चावडी. सराव करायचा तो धूळपाटीवर. ठरावीक कामं निमूटपणे करणारा संगणकीय प्रोग्राम म्हणजे सांगकाम्या. व्यवस्था बघणारे ते प्रचालक. आणि प्रत्येक लेखाच्या डोक्यावर ‘इतिहास’ नावाची एक कळ. ती दाबली की कुठला बदल कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता केला हे ओळीनं दिसतं. नाव टोपणनाव असेल, जुन्या बदलाला नुसता संगणकाचा अंकपत्ता असेल, पण खाडाखोड लपत नाही. छापील कोशात संपादकानं काय गाळलं, कुणाशी वाद झाला, हे वाचकाला कधीच दिसत नाही. माझ्या मते विकिपीडियाचा खरा शोध ‘कुणीही लिहा’ हा नसून ही कळ आहे.

तज्ज्ञांचा कोश आणि सगळ्यांचा कोश यांत विश्वासार्ह कोण, याचा निवाडा म्हणून ‘नेचर’ नियतकालिकानं २००५ साली केलेली तुलना आजही पुढे केली जाते. विज्ञानावरचे ४२ विषय घेऊन ब्रिटानिका आणि इंग्रजी विकिपीडियाचे लेख तज्ज्ञांना दिले. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. गंभीर चुका दोघांच्याही चारच. ब्रिटानिकानं पुढच्या वर्षी त्यावर कडक आक्षेप घेतले, ‘नेचर’ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं. त्याच २००५ साली जॉन सीगेनथॉलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराविषयीच्या विकिपीडिया लेखात, केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर चार महिने सुखेनैव नांदत होता हेही उघड झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जिथे हजारो डोळे फिरतात तिथे चूक टिकत नाही. जिथे कुणी फिरकत नाही तिथे खोटंही म्हातारं होतं.

आपल्या अडचणीचं मूळ इथेच आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख. मराठी विकिपीडियावरचे लेख लाखाच्या आसपास. आणि त्यावर नेमानं लिहिणारी, तपासणारी माणसं? एखाद्या मंगल कार्यालयात सहज मावतील. जमावानं लिहिलेला कोश म्हणायचं, पण जमाव आहे कुठे? शिवकालावरच्या लेखात तो असतो. जातीचा, जन्मतारखेचा वाद असला की असतो, कधी कधी नको इतका असतो. पण एखाद्या खेड्याचा लेख उघडा. अमुक हे तमुक तालुक्यातलं गाव आहे, इतकं सांगून हवामानाचा तोच परिच्छेद, जो शेजारच्या गावालाही लावलेला असतो. लेखांची संख्या फुगते, माहिती वाढत नाही.

हे फार ताणलं की काय होतं ते स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर २०२० साली दिसलं. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी तरुणानं, शाळकरी वयापासून, वीस हजारांहून जास्त लेख स्कॉट्स म्हणून लिहून ठेवले होते. हेतू वाईट नव्हता, पण वर्षानुवर्षं कुणी वाचून हटकलंच नाही.

मग वाईलाच जावं का? विश्वकोशाची नड दुसरी आहे. ‘इ’ आणि ‘ए’ ही अक्षरं सत्तरच्या दशकातच छापून झाली. त्यामुळे त्या आवृत्तीत इंटरनेट असणं शक्यच नव्हतं आणि एड्सही नाही, कारण तो रोग १९८१ साली प्रथम ओळखला गेला. वर्णमाला काळासाठी थांबत नाही. हे ओळखूनच विश्वकोशाच्या मंडळानं खंड संकेतस्थळावर आणले आणि आता विद्यापीठं व संस्थांच्या मदतीनं विषयवार ज्ञानमंडळं नेमून नव्या नोंदी लिहवून घेतल्या जातात. त्याही नोंदींखाली लेखकाचं नाव असतं, शिवाय समीक्षकाचं.

माझा हिशेब असा: न्याय, सांख्य, खनिजं, वनस्पती, राग, व्याकरण हवं असेल तर विश्वकोश, फक्त खंडाचं साल पाहून वाचावं. निवडणूक, धरण, खेळाडू, नवा जिल्हा हवा असेल तर विकिपीडिया; पण आधी ‘इतिहास’ उघडून लेखाला किती हात लागलेत ते मोजावं आणि तळाचे संदर्भ खरोखर उघडतात का ते पाहावं. संदर्भ नसलेलं वाक्य दोन्हीकडे सारखंच संशयास्पद. आणि एक गाऱ्हाणं: निवृत्तीनंतर सभांमधून मराठीचं कसं होणार म्हणणाऱ्या प्राध्यापकांपैकी मोजकेच या चावडीवर येतात. त्यांना तिथे मानधन नाही, नावही ठळक येत नाही, आणि कॉलेजातला पोरगा त्यांचं वाक्य उलटवू शकतो, हे खरं आहे. तरी यावं.

वाचकालाही एक काम आहे. आज आपल्या गावाचा लेख उघडा. नदीचं नाव, ग्रामदैवत, शाळेचं स्थापनावर्ष चुकलेलं दिसलं तर ‘संपादन’वर टिचकी मारून दुरुस्त करा आणि ते कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर आहे तेही खाली लिहा.